व्हिडिओ अपलोड करण्याआधी लहान कसा करायचा? कीर्तन, सप्ताह आणि गावच्या कार्यक्रमांचं शूटिंग करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या गावच्या सप्ताहाचं शूटिंग मी बरीच वर्षं करतोय. रात्री नऊला कीर्तन उभं राहतं, अकराला संपतं, आणि ट्रायपॉड आवरायच्या आत पुण्या-मुंबईच्या मंडळींचे मेसेज यायला लागतात, "टाकलं का?" नोकरीपायी त्यांना येता आलेलं नसतं. आपल्या देवळातलं, आपल्या टाळकऱ्यांमधलं कीर्तन त्यांना निदान फोनवर तरी बघायचं असतं. सगळं अडतं ते फाईलच्या आकारापाशी. आजूबाजूच्या गावांतली शूटिंग करणारी मुलं मला याबद्दल जे जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलं आहे.

दोन तासांच्या कीर्तनाची फाईल एवढी मोठी कशी होते?

फाईलचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो. कॅमेरा दर सेकंदाला किती डेटा लिहितो, आणि असे किती सेकंद तो लिहीत राहतो. सेकंदाला लिहिल्या जाणाऱ्या डेटाला बिटरेट म्हणतात. बरेच अँड्रॉइड फोन फुल एचडीमध्ये (१०८०पी), सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे चित्रं घेताना, सेकंदाला साधारण १७ मेगाबिट लिहितात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १७ ला ८ ने भागा. सेकंदाला २ एमबीपेक्षा थोडं जास्त झालं. दोन तासांचे ७,२०० सेकंद. गुणाकार केला की १५ जीबीच्या वर जातं. तेच फोर-केमध्ये ४८ मेगाबिटने घेतलं तर ४३ जीबी.

आता रेंजचा हिशोब करा. वेग तपासणाऱ्या ॲपमध्ये दिसतो तो आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये. निम्मा गोंधळ इथेच होतो. अपलोडचा वेग ३ मेगाबिट मिळाला तर १५ जीबी चढायला अकरा तासांवर लागतात, तेही रेंज एकदाही न तुटता. त्यात फोनच्या पॅकमध्ये दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा मिळतो. तीच फाईल २ जीबीवर आणली तर दीड तासाचं काम आहे.

मग रिझोल्यूशन कमी केलं की झालं?

एवढ्याने होत नाही. हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १०८०पीवरून ७२०पीवर आणलं आणि बिटरेट १७ मेगाबिटच ठेवला, तर फाईल तेवढीच्या तेवढी राहते. मात्र ७२०पीच्या चित्रात ठिपके निम्म्याहूनही कमी असतात. १०८०पीत वीस लाख त्र्याहत्तर हजार, तर ७२०पीत नऊ लाख एकवीस हजार. त्यामुळे कमी बिटरेटमध्येही ते चित्र स्वच्छ राहतं. म्हणजे रिझोल्यूशन उतरवल्याने बिटरेट उतरवायला वाव मिळतो, आकार कमी होतो तो बिटरेटमुळेच.

एकाच जागी लावलेल्या कॅमेऱ्याने घेतलेलं कीर्तन लोक बहुतेक फोनवरच बघतात. त्याला ७२०पी पुरतं, असं माझं ठाम मत आहे. भारूड किंवा नाटक असेल आणि मागच्यांच्याही चेहऱ्यावरचे भाव दिसायला हवे असतील, तर १०८०पी ठेवा.

सुरुवात कुठून करायची?

कात्रीपासून. लहान करण्याआधी कापा. माईकची "हॅलो, हॅलो", हारतुरे, महाराज येईपर्यंतचा रिकामा मंच, शेवटी पंगतीची सूचना, हे सगळं मिळून सहज वीस-पंचवीस मिनिटं भरतं. तेवढा भाग काढला तर दर्जाला हात न लावता आकार पाचव्या-सहाव्या हिश्श्याने उतरतो. देणगीदारांची नावं ठेवायची की काढायची, हे मात्र सप्ताह कमिटीला विचारा. ते आपल्या अखत्यारीत येत नाही.

कापायला 'लॉसलेसकट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते व्हिडिओ पुन्हा तयार करत नाही, आहे तोच डेटा उचलून वेगळा ठेवतं, म्हणून दर्जा तसूभरही घटत नाही आणि १५ जीबीची फाईलही थोड्याच वेळात कापून होते. फक्त ते हव्या त्या फ्रेमवर नेमकं कापत नाही, आधीच्या पूर्ण साठवलेल्या फ्रेमपासून सुरुवात धरतं. सुरुवातीला सेकंद-दोन सेकंद जास्तीचे येतात, ते येऊ द्या.

लहान करायला काय वापरू?

संगणक असेल तर 'हँडब्रेक'. मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, त्यात जाहिराती नाहीत आणि चित्रावर कसला शिक्काही उमटत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर इतकी बटणं दिसतात की दडपायला होतं, पण आपल्याला त्यातली चार-पाचच लागतात.

फाईल आत ओढा. प्रीसेटच्या (तयार सेटिंगच्या) यादीत 'फास्ट ७२०पी३०' निवडा. 'व्हिडिओ' टॅबवर जा, एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लिहिणारा भाग, एच.२६४ असू द्या, आणि दर्जाची पट्टी आरएफ २२ वर आणा. तिथेच वेगाची आणखी एक पट्टी असते, ती 'फास्ट'वरून 'स्लो'कडे सरकवा. संगणक जास्त वेळ घेईल, पण तेवढ्याच दर्जाला फाईल थोडी आटोपशीर होईल. जुन्या लॅपटॉपवर मी हे काम रात्री लावून झोपतो.

एक गोष्ट न चुकता करा. पूर्ण दोन तास लावण्याआधी एका मिनिटाचा नमुना काढा. वर 'रेंज'मध्ये चॅप्टरऐवजी सेकंद निवडायचे आणि, समजा, १८०० ते १८६० असे आकडे टाकायचे. मिनिटभराची फाईल तयार होते. ती फोनवर घेऊन बघा, हेडफोन लावून ऐका. मिनिटाची फाईल १२ एमबीची झाली तर दोन तासांची साधारण दीड जीबीची होईल, हेही तिथेच कळतं. नमुना घेताना जास्तीत जास्त हालचालीचा भाग निवडा. निरूपणाचा भाग घेऊ नका, गजर टिपेला पोहोचलेला असतो तो घ्या.

आरएफचा आकडा म्हणजे नेमकं काय?

दर्जाचा आकडा, पण उलटा. आकडा लहान तेवढा दर्जा वरचा आणि फाईल मोठी. आकडा सहाने वाढवला की आकार ढोबळमानाने निम्मा होतो. १०८०पीला २० ते २३ आणि ७२०पीला १९ ते २३ हा सुरक्षित पट्टा. २८च्या पुढे गेलात तर धोतराच्या निऱ्या सपाट होतात आणि मागच्या पडद्यावर चौकोन चौकोन दिसायला लागतात.

या पद्धतीत दर्जा आपण ठरवतो आणि आकार किती येईल ते प्रसंगावर सोडतो. मला हीच पद्धत योग्य वाटते, कारण जिथे डेटाची गरज नाही तिथे तो वाया जात नाही.

कीर्तनाची फाईल छान लहान होते, दिंडीची का होत नाही?

हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवलेलं असतं, आणि त्याच्यापुढे फक्त मागच्या चित्रात काय बदललं याची नोंद. कीर्तनात मागचा पडदा, विठ्ठल-रखुमाईची तसबीर, समई, तंबूचे खांब हे सगळं दोन तास जागच्या जागी असतं. बदलतात ते महाराजांचे हात आणि टाळकऱ्यांच्या हालचाली. नोंदवायला फारसं काही नसतं.

रिंगणात याच्या अगदी उलट घडतं. घोडा धावतो, कॅमेरा त्याच्यामागे फिरतो, हजारो टाळ आणि पताका हलतात, वर बुक्का उधळला जातो. बुक्क्याचा कण न् कण प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जवळजवळ सगळंच चित्र नव्याने लिहावं लागतं. तीच गोष्ट पावसाची, नदीच्या पाण्याची, वाऱ्यावर हलणाऱ्या उसाची. अशा ठिकाणी फाईल मोठी होणारच, तिला बळजबरीने लहान करू नका. हात आखडता घ्यायचाच असेल तर मिनिटं कमी करा.

यातून शूटिंगचाही धडा मिळतो. ट्रायपॉड लावा. हातात धरलेला कॅमेरा बारीक थरथरतो आणि त्या थरथरीने स्थिर पडदासुद्धा हलता होतो. शंभर-दोनशे रुपयांच्या फोन होल्डरने जेवढी फाईल वाचते, तेवढी नंतर कुठल्याच बटणाने वाचत नाही.

मंडपात उजेड कमी असतो. त्याचा आकाराशी काही संबंध आहे का?

मोठा संबंध आहे. अंधारात कॅमेरा चित्र ओढूनताणून उजळ करतो, त्यामुळे काळ्या भागात मुंग्यांसारखे कण वळवळताना दिसतात. एन्कोडरला ते कण आणि बुक्का यांतला फरक कळत नाही. तो इमानदारीने प्रत्येक कण लिहीत बसतो. महाराजांच्या समोरून, थोडा वरून, एक चांगला दिवा लावायला मंडपवाल्याला सांगा. रेकॉर्डिंग आधीच झालं असेल तर हँडब्रेकच्या 'फिल्टर्स'मध्ये डीनॉइज आहे, ते 'लाइट'वर ठेवा. त्याहून जास्त केलंत तर चेहरे मेणाचे दिसतात.

लुकलुकाटही असाच डेटा खातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याचा शटर त्याच्याशी जुळला नाही की पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात, आणि चित्राचा उजेड सतत बदलत राहिल्याने स्थिर भागही स्थिर राहत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि जमलं तर २५ फ्रेमने शूट करा.

आवाजाचा दर्जा कमी करून जागा वाचवू का?

नको. कळकळीने सांगतो, आवाजाला हात लावू नका. कीर्तन हे आधी ऐकायचं असतं. कित्येक आजी-आजोबा फोन उशाशी ठेवून डोळे मिटून ऐकतात, त्यांच्यासाठी चित्र असून नसल्यासारखं असतं.

आणि वाचतं तरी किती ते बघा. १६० किलोबिटचा आवाज दोन तासांना १४४ एमबी घेतो. तो ६४ वर आणला तर ८५-९० एमबी वाचतात. दीड-दोन जीबीच्या फाईलमध्ये ते कुठे दिसत नाहीत, ऐकू मात्र येतात. पहिला बळी जातो तो टाळांचा. टाळांचा नाद खूप उंच पट्टीत पसरलेला असतो आणि बिटरेट कमी पडला की आधी तोच बिघडतो. शंभर टाळांचा गजर पाण्याखालून आल्यासारखा बुळबुळीत ऐकू येतो. पखवाजाची थाप त्यातल्या त्यात टिकते. एएसी (आवाज दाबण्याची पद्धत), १६० किलोबिट, एवढं ठेवा. फक्त एका माणसाचं प्रवचन असेल तर मोनोमध्ये ९६ चालेल.

लहान केल्यावर आवाज आणि ओठ जुळेनासे झाले. काय चुकलं?

फोन ठरल्याप्रमाणे नेमक्या ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की २४-२५ वर येतो, पुन्हा वाढवतो. अशी फाईल एडिटिंगला घेतली की शेवटाकडे आवाज मागेपुढे होतो. हँडब्रेकच्या 'व्हिडिओ' टॅबमध्ये 'पीक फ्रेमरेट'ऐवजी 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. एडिटिंग करायचं असेल तर हे आधी करून घ्या.

एच.२६५ वापरलं तर फाईल निम्मी होते म्हणतात. वापरू का?

बऱ्याच अंशी खरं आहे. एच.२६४ हा २००३ सालचा, एच.२६५ हा २०१३चा, आणि तेवढ्याच दर्जाला नवा खूप कमी जागा घेतो. आयफोनवर २०१७ पासून 'हाय एफिशिअन्सी' नावाने हाच वापरला जातो. सेटिंग्जमध्ये बघा, तिथे फुल एचडी ३० फ्रेमच्या एका मिनिटाला साधारण ६० एमबी आणि फोर-के ३० फ्रेमला १७० एमबी असा आकडाच दिलेला असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांच्या कॅमेऱ्यातही ही सोय आहे.

यूट्यूबला टाकायचं असेल तर खुशाल वापरा, ते स्वीकारलं जातं. पेनड्राइव्हवर घेऊन कुणाच्या जुन्या टीव्हीला किंवा शाळेच्या संगणकाला लावायचं असेल, तर एच.२६४च द्या. नाहीतर आवाज येतो आणि पडदा काळा, असं होतं. एव्ही१ हा त्याहून नवा, २०१८चा. तो आणखी जागा वाचवतो, पण साध्या लॅपटॉपवर बनवायला फार वेळ घेतो. गावच्या कामासाठी मी अजून त्याच्या वाटेला गेलेलो नाही.

स्पर्धेच्या फॉर्ममध्ये १०० एमबीच्या आतच व्हिडिओ हवा आहे. अंदाजपंचे करू का?

अंदाज कशाला, गणित सोपं आहे. इथे आरएफ सोडून 'ॲव्हरेज बिटरेट' निवडायचा. समजा आठ मिनिटांचा पोवाडा आहे. १०० एमबी म्हणजे ८०० मेगाबिट. आठ मिनिटांचे ४८० सेकंद. ८०० भागिले ४८०, म्हणजे १.६६ मेगाबिट. त्यातले आवाजाचे ०.१६ वजा केले की चित्राला दीड मेगाबिट उरतात. काठावर राहू नका, १,४०० किलोबिट टाका. 'मल्टी-पास' हा पर्याय चालू करा. त्यात एन्कोडर आधी पूर्ण व्हिडिओ वाचून घेतो आणि कुठे जास्त डेटा द्यायचा ते ठरवतो.

ईमेलने पाठवत असाल तर आणखी एक अडचण आहे. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण पाठवताना जोडलेली फाईल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. १८ एमबीच्या आत ठेवा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या.

व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ आपोआप लहान होतो. तोच यूट्यूबला टाकला तर?

कृपा करून टाकू नका. व्हॉट्सॲपने एकदा दाबलेलं यूट्यूब पुन्हा दाबतं. यूट्यूब तुमची कुठलीही फाईल जशीच्या तशी दाखवत नाही, स्वतःच्या पद्धतीने नव्याने बनवतं. प्रत्येक खेपेला थोडं थोडं जातं आणि गेलेलं परत आणता येत नाही. छायाप्रतीची छायाप्रत काढत गेलं की सातबाऱ्यावरची अक्षरं जशी पुसट होतात, तसंच हे.

दुसऱ्या गावच्या मुलाकडून क्लिप मागवायची असेल तर त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तशी पाठवलेली फाईल २ जीबीपर्यंत मुळातली जशीच्या तशी येते.

ऑनलाइन कॉम्प्रेस करून देणाऱ्या वेबसाइट आहेत की!

आहेत. पण तिथे लहान करून घ्यायला आधी मोठी फाईल अपलोड करावी लागते. ज्या कामातून सुटायचं, तेच आधी करावं लागतं. शिवाय घरच्या बारशाचा किंवा शाळेतल्या मुलांचा व्हिडिओ अनोळखी ठिकाणी ठेवणं मला पटत नाही.

झिप करण्याचंही विचारतात. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, झिपने एक-दोन टक्केही फरक पडत नाही.

हँडीकॅमने एकाच कीर्तनाच्या चार फाईल केल्या आहेत. बिघडलं का काही?

नाही. कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर एका फाईलला ४ जीबीची मर्यादा येते, म्हणून कॅमेरा तुकडे करतो. लॉसलेसकटमध्ये ते क्रमाने जोडता येतात. मोठी फाईल पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही, याचंही कारण बहुतेक हेच असतं. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्याआधी त्यातलं सगळं काढून घ्या.

लहान फाईल झाली की मूळ फाईल उडवली तर चालेल ना?

माझ्या हातून झालेलं सांगतो. पहिल्या एक-दोन वर्षांत माझ्याकडे साठवायला जागा नव्हती. काल्याचं एक कीर्तन ३६०पीमध्ये बारीक करून अपलोड केलं आणि त्याच रात्री कार्ड पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरलं. पुढच्या सप्ताहाच्या आत ते महाराज गेले. त्यांच्या मुलाने मूळ रेकॉर्डिंग मागितलं, तेव्हा माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. चेहरा ओळखू येतो, डोळे दिसत नाहीत. आज माझ्याकडे कितीही चांगलं सॉफ्टवेअर असलं तरी त्या फाईलमधून ते डोळे निघत नाहीत.

तेव्हापासून दोन हार्डडिस्क ठेवल्या आहेत. एक माझ्या घरी, एक देवळाच्या कपाटात. १ टीबीच्या डिस्कवर १५ जीबीची साठ कीर्तनं आरामात बसतात, म्हणजे आठ दिवसांच्या सप्ताहाची सात वर्षं. कमिटीच्या खर्चात मंडप, आचारी, साउंडवाला यांच्यासोबत डिस्कचीही एक ओळ घालायला सांगा. कुणी नाही म्हणत नाही.

एवढं करून यूट्यूबवर टाकलं, तर चित्र धूसर दिसतंय. परत टाकू का?

थांबा. अपलोड संपल्यावर यूट्यूब आधी कमी दर्जाची आवृत्ती तयार करून दाखवतं, एचडी मागाहून येते. दोन तासांच्या व्हिडिओला चांगलाच वेळ लागू शकतो. म्हणून मी व्हिडिओ आधी 'प्रायव्हेट' ठेवतो आणि एचडी दिसायला लागल्यावरच लिंक ग्रुपवर टाकतो. नवीन चॅनल असेल तर फोन नंबरची पडताळणी आधीच करून घ्या. त्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, आणि हे रात्री साडेबाराला, देवळाच्या पायरीवर रेंज शोधत बसलेलं असताना कळलं की फार जीवावर येतं.